घोडबंदर रोडवरचा फ्लॅट: वैवाहिक वादात न्यायालयाच्या आदेशाने झालेली विक्री

ठाण्यातल्या एका जोडप्याचे हे प्रकरण त्या दोघांच्याही परवानगीने लिहीत आहे. मी एका कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. सुरुवातीला पत्नीचे कागद जुळवून देणे एवढाच माझा संबंध होता. शेवटच्या वर्षात पतीही हिशेब समजून घ्यायला येऊ लागले. नावे देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा ढोबळ केल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. माझ्या मते हे घर क्रम चुकल्यामुळे गेले. घराचा वाद आणि पोटगीचा वाद सहा वर्षे वेगवेगळ्या फायलींत चालले. ते एकत्र आले तोपर्यंत घर विकले गेले होते.

पार्श्वभूमी

लग्न २००८ चे. जून २०११ मध्ये दोघांनी कासारवडवलीजवळ ६२० चौरस फुटांचा, दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. किंमत ५२ लाख; मुद्रांक आणि नोंदणी धरून ५५ लाखांपर्यंत गेली. ४० लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी, दोघेही सहकर्जदार, हप्ता सुमारे ४० हजार. उरलेल्या १२ लाखांपैकी ५ लाख पत्नीच्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून चेकने दिले, बाकीचे पतीच्या बचतीतून आले. करारनाम्यावर आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावे, पण कोणाचा किती हिस्सा याबद्दल कुठेही एक ओळ नाही. ही ओळ नसणे पुढे फार महागात पडले.

हप्ता पतीच्या पगार खात्यातून जायचा. किराणा, वीज, मुलीची फी, सोसायटीचा मेंटेनन्स पत्नीच्या पगारातून. मुलगी लहान असताना पत्नीने तीन वर्षे नोकरी सोडली होती, नंतर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पुन्हा धरली. घराघरांत अशीच विभागणी असते, आणि कोणी ती लिहून ठेवत नाही.

२०१८ च्या दिवाळीनंतर पती डोंबिवलीला आईकडे राहायला गेले. पत्नी आणि चौथीतली मुलगी फ्लॅटमध्येच राहिल्या. वेगळे का झाले, हा या लेखाचा विषय नाही.

वाद कसा वाढला

२०१९ मध्ये पतीने ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला. पत्नीने दोन गोष्टी केल्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडून निवासाचा आदेश मिळवला, म्हणजे पतीने तिला घराबाहेर काढू नये. आणि अंतरिम पोटगी मागितली. डिसेंबरमध्ये तिला आणि मुलीला मिळून दरमहा १५ हजार मंजूर झाले.

निवासाचा आदेश हातात पडल्यावर पत्नीच्या माहेरी सगळ्यांना हायसे वाटले. वडील म्हणाले, “आता तुला कोणी हलवू शकत नाही गं.” हा समज तिथून पुढे चार वर्षे टिकला, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात महाग गोष्ट तीच ठरली. निवासाचा हक्क आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवासाचा आदेश पतीला थांबवतो. तो हिस्सा ठरवत नाही, कर्ज फेडत नाही आणि ज्या बँकेकडे घर गहाण आहे तिचा बोजा हटवत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना दिलेली सवलत ऑगस्टअखेर संपली, आणि ऑक्टोबरपासून पतीने हप्ता भरणे बंद केले. त्यांचे म्हणणे सरळ होते: “राहते ती. मग हप्ते मी का भरायचे?” पत्नीचे उत्तरही तितकेच सरळ: “हप्ता त्यांच्या खात्यातून जातो. पोटगी देत नाहीत, निदान हप्ता तरी भरावा.” दोघांच्या बोलण्यात तथ्य होते. बँकेला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. सहकर्जदार म्हणजे प्रत्येकजण पूर्ण कर्जाला बांधलेला.

त्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे बँकांना खाती थकीत म्हणून जाहीर करता येत नव्हती. तो आदेश २३ मार्च २०२१ ला उठला. त्याच उन्हाळ्यात सरफेसी कायद्याखालची (थकीत कर्जासाठी गहाण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस दारावर चिकटली. मुलीने ती आधी वाचली.

त्या वेळी कोणते मार्ग होते

खरे म्हणजे मार्ग २०१९ पासूनच होते, त्यामुळे मागे जाऊन सांगते.

कौटुंबिक न्यायालयाला आधी समेटाचा प्रयत्न करावाच लागतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम ९ तसे सांगते. समुपदेशकांसमोर २०१९ मध्ये चार बैठका झाल्या. फ्लॅटची किंमत तेव्हा ८० लाखांच्या आसपास होती, कर्ज ३४ लाख शिल्लक. म्हणजे निव्वळ ४६ लाख, निम्मे २३. पती म्हणाले, “मला २२ लाख दे आणि घर तू घे.” वेगळ्या बैठकीत, पोटगीच्या विषयावर, तेच पती म्हणाले होते की रोजच्या कटकटीपेक्षा एकरकमी १५ लाख द्यायला ते तयार आहेत.

ही दोन वाक्ये एकाच कागदावर कोणी मांडली नाहीत. मांडली असती तर २२ मधून १५ वजा होऊन पत्नीला पतीला ७ लाख द्यायचे होते आणि ३४ लाखांचे कर्ज एकटीच्या नावावर घ्यायचे होते. एकूण गरज ४१ लाख. तिच्या तेव्हाच्या ३६ हजार पगारावर सुमारे २० लाखांचे कर्ज बसत होते आणि वडील १५ लाख द्यायला तयार होते. तूट ६ लाखांची. भाऊ, सोने, पतसंस्था यांतून ती भरता आली असती.

तसे झाले नाही, कारण घराबद्दल बोलताना भावना आडवी आली. वडिलांचे शब्द माझ्या वहीत आहेत: “स्वतःचंच घर पैसे देऊन विकत घ्यायचं? माझे पाच लाख त्यात आहेत ते काय झाले?” आणि दोन्ही वकिलांनी पोटगी आणि मालमत्ता वेगळ्या ठेवल्या. पत्नीच्या वकिलांना वाटत होते की पोटगीचा आकडा आधी ठरला तर घरातला हिस्सा कमी होईल. पतीच्या वकिलांना नेमके उलट वाटत होते. विवाहाचा अर्ज, पोटगीचा अर्ज, निवासाचा आदेश असे तीन वेगळे प्रवास सुरू झाले.

२०२१ मध्ये नोटीस आल्यावर पुढचे पर्याय समोर होते. बँकेशी तडजोड करून थकबाकी भरणे, दोघांनी मिळून घर बाजारात विकणे, किंवा न्यायालयाकडे वाटप मागणे. दुसरा पर्याय दोघांच्याही हिताचा होता. पण पत्नीला घर सोडायचे नव्हते आणि पतीला आधी ‘घर माझेच आहे’ हे सिद्ध करायचे होते.

न्यायालयात काय ठरले

सप्टेंबर २०२१ मध्ये पतीने कौटुंबिक न्यायालयातच मालमत्तेची याचिका दाखल केली. पती-पत्नींच्या मालमत्तेचा वाद कौटुंबिक न्यायालय चालवू शकते. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. मागणी तीन पायऱ्यांची होती: पूर्ण घर माझे ठरवा, ते जमत नसेल तर वाटप करा, आणि वाटप होत नसेल तर विकून पैसे वाटा.

न्यायालयाने पहिले काम केले ते हप्त्याचे. अंतरिम आदेशाने दोघांनी निम्मा-निम्मा हप्ता भरायचा ठरले. अकरा महिन्यांची थकबाकी, सुमारे ४ लाख ४० हजार, तीही निम्मी-निम्मी. पत्नीने आपला वाटा सोने तारण ठेवून भरला. बँकेची कारवाई थांबली. हा आदेश मिळवायला दोघांनी वर्षभर आधी अर्ज करायला हवा होता. हप्ता थांबला त्याच महिन्यात कोणीतरी न्यायालयासमोर उभे राहिले असते, तर व्याज, दंड आणि दोघांचाही खराब झालेला क्रेडिट स्कोअर वाचला असता. पत्नीचा खराब स्कोअर पुढे ऐन वेळी आडवा आला.

मालकीचा मुद्दा नोव्हेंबर २०२२ पर्यंत चालला. ‘पत्नीचे नाव फक्त सोयीसाठी घातले’ हा पतीचा युक्तिवाद होता. असा दावा करायला कायद्याने दार बंद नव्हते, कारण बेनामी (पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचे अशा) व्यवहारांच्या कायद्यात पत्नीच्या नावाने स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेले घर अपवादात बसते. पण ते सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर असतो. उलटतपासणीत वडिलांचा ५ लाखांचा चेक, कर्जाच्या कागदावरची पत्नीची सही आणि घरखर्चाची बँक स्टेटमेंट समोर आली.

इथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४५ लागू पडते. दोघांनी मिळून घेतलेल्या मालमत्तेत ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा; आणि कोणी किती घातले हे सिद्ध झाले नाही, तर समान. पतीचे हप्ते खात्यावर दिसत होते. पण त्या हप्त्यांना जागा करून देणारा घरखर्च पत्नीने उचलला होता, आणि कर्जाची पूर्ण जबाबदारी तिनेही घेतली होती. पैसे इतके मिसळलेले आहेत की वेगळे काढता येत नाहीत, असे म्हणून न्यायालयाने निम्मा-निम्मा हिस्सा धरला. वेगळे झाल्यानंतर एकट्याने भरलेल्या हप्त्यांचे वेगळे श्रेय पतीला मिळाले नाही, कारण त्या काळात ते पोटगी देत नव्हते.

कायद्यातले एक वास्तव इथे सांगायला हवे. गोव्यात लग्नानंतरची मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची सामाईक धरली जाते. महाराष्ट्रात तसे नाही. पत्नीचे नाव करारनाम्यावर नसते, तर निम्म्या हिश्श्याचा प्रश्न फार अवघड झाला असता. घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाची किंमत आपल्या कायद्यात अजूनही नोंदणीच्या कागदावर अवलंबून आहे, हे मला दरवेळी लागते.

निवासाच्या आदेशामुळे घर विकताच येणार नाही, हे पत्नीचे म्हणणे टिकले नाही. न्यायालयाच्या मते तो आदेश तिला बेकायदा बाहेर काढण्यापासून वाचवतो, सहमालकाचा वाटप मागण्याचा हक्क संपवत नाही. शिवाय तिला स्वतःला निम्मी रक्कम मिळणार होती. मात्र विक्री पूर्ण होईपर्यंत तिला हलवायचे नाही, हे आदेशात स्पष्ट लिहिले गेले.

अपील करायचे का, यावर पत्नीने दोन आठवडे विचार केला. कौटुंबिक न्यायालयाच्या अशा निकालावर तीस दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते. ती गेली नाही, कारण निम्मा हिस्सा हा तिच्यासाठी वाईट निकाल नव्हता आणि हप्ता दरमहा चालूच होता. हा निर्णय मला तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो.

विकत घेण्याची संधी

दोन बेडरूमच्या फ्लॅटचे भिंत घालून दोन भाग होत नाहीत. अशा वेळी १८९३ चा विभाजन कायदा उपयोगी पडतो. निम्म्या किंवा त्याहून जास्त हिश्श्याच्या मालकाने मागितले, तर कलम २ खाली न्यायालय वाटपाऐवजी विक्रीचा आदेश देऊ शकते. पण पुढचेच कलम ३ फार थोड्या लोकांना माहीत असते. एकाने विक्री मागितली की दुसऱ्या हिस्सेदाराला विक्री मागणाऱ्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याचा अर्ज करता येतो. मग न्यायालयाला मूल्यांकन करून आधी त्याला संधी द्यावीच लागते.

विक्री पतीने मागितली होती. म्हणजे संधी पत्नीची. जानेवारी २०२३ मध्ये तिने अर्ज केला.

न्यायालयाने नेमलेल्या मूल्यांकनकाराने किंमत काढली १ कोटी ८ लाख. पतीला वाटत होते सव्वा कोटी येतील. मेट्रो ४ चे खांब दारासमोर उभे राहत होते आणि एजंट रोज नवा आकडा सांगत होते. हिस्सा आता ‘स्वस्तात’ जाणार असे दिसल्यावर त्यांनी विक्रीची मागणीच मागे घेण्याचा अर्ज केला. तो नामंजूर झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितले आहे की विक्री मागितल्यावर दुसऱ्या हिस्सेदाराने विकत घेण्याचा अर्ज केला, की त्याला एक हक्क मिळतो. मागणी मागे घेऊन तो बुडवता येत नाही. वकिलाने विक्रीचा अर्ज टाईप करण्याआधी पक्षकाराला ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. पतीला ती कोणी सांगितली नव्हती.

तर पत्नीसमोरचे गणित असे होते. किंमत १०८ लाख, कर्ज २८ लाख, निव्वळ ८०, पतीचा हिस्सा ४०. ४० लाख पतीला, २८ लाखांचे कर्ज स्वतःच्या नावावर. एकूण ६८ लाख. तिचा पगार आता ४८ हजार होता, त्यावर सुमारे २७ लाख कर्ज बसत होते. वडिलांच्या आजारपणात पैसे गेले होते, तरी ते १२ लाख देणार होते. हातात ३९ लाख, तूट २९ लाखांची.

आणि तेव्हाही पोटगीचा अंतिम आकडा ठरलेला नव्हता. शेवटी तो १८ लाख ठरला. शिवाय अंतरिम पोटगीची थकबाकी होती, तेव्हा सुमारे ४ लाख. हे २२ लाख त्या ४० मधून वळते झाले असते, तर तूट फक्त ७ लाखांवर आली असती. पण जी रक्कम अजून मंजूरच झाली नाही ती वळती कशी करणार? पत्नीच्या वकिलांनी मुदत मागितली. तीन महिने मिळाले, मग आणखी दोन. दोन बँकांनी जुन्या थकबाकीचा शेरा पाहून अर्ज परत केला, तिसरीने होकार दिला तो २२ लाखांना. सप्टेंबर २०२३ मध्ये मुदत संपली.

या पाच महिन्यांत तिने काय काय केले ते मी जवळून पाहिले. सकाळी लॅब, दुपारी बँक, संध्याकाळी नातेवाइकांचे दार. एकदा तिने विचारले, “ताई, घर माझंच आहे ना अर्धं? मग मला माझ्या अर्ध्यावर कर्ज का मिळत नाही?” गहाण असलेल्या, वादात असलेल्या, सहमालकाची सही न मिळणाऱ्या घराच्या अर्ध्या भागावर कोणतीच बँक कर्ज देत नाही. ते समजावताना मला वाईट वाटले.

माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णयक्षण हाच. कलम ३ चा अर्ज करतानाच, ‘कायमस्वरूपी पोटगी आणि थकबाकी आधी किंवा सोबतच ठरवा, आणि ती खरेदीच्या रकमेत धरा’ अशी मागणी त्याच न्यायाधीशांपुढे करायला हवी होती. घटस्फोटाचा अर्ज त्याच न्यायालयात होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घालून दिलेल्या नमुन्याप्रमाणे दोघांच्या उत्पन्न-मालमत्तेची प्रतिज्ञापत्रे दाखल झालेली होती. आकडे फायलीत होते. ते या फायलीतून त्या फायलीत गेले नाहीत.

लिलाव

ऑक्टोबर २०२३ मध्ये विक्रीचा आदेश झाला. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचे नाही ती, १ कोटी २ लाख. लिलाव पार पाडायला कोर्ट कमिशनर नेमले गेले, वर्तमानपत्रात जाहिरात आली, आणि रविवारी अनोळखी लोक घर बघायला येऊ लागले. मुलगी तेव्हा नववीत होती.

फेब्रुवारी २०२४ च्या लिलावात सर्वात मोठी बोली ८८ लाखांची आली. न्यायालयाने ती स्वीकारली नाही. बोली इतकी खाली का, याचे कारण लिलावाच्या नियमांत आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार बोली जिंकणाऱ्याला २५ टक्के रक्कम लगेच भरावी लागते आणि बाकीची पंधरा दिवसांत. राहण्यासाठी घर घेणारे कुटुंब गृहकर्जावर अवलंबून असते. पंधरा दिवसांत त्याचे कर्ज मंजूर होऊन पैसे येत नाहीत. मग उरतात ते रोख पैसेवाले आणि पडत्या भावात घेणारे. त्यात घरात माणसे राहत आहेत, बँकेचा बोजा आहे, सोसायटीची थकबाकी आहे, म्हणून आणखी कपात.

विभाजन कायद्याच्या कलम ६ खाली हिस्सेदारालाही बोली लावता येते, आणि न्यायालय त्याला अनामतीत किंवा रकमेच्या वळतीत सवलत देऊ शकते. पत्नीच्या बाजूने ही सवलत मागितलीच गेली नाही. ८८ लाखांवर थांबलेल्या लिलावात, स्वतःचा हिस्सा वळता करून, राखीव किमतीला बोली लावण्याचा विचार निदान व्हायला हवा होता. बँकेच्या २२ लाखांनी ती कितपत पुढे गेली असती हे वेगळे. तो अर्ज न करणे ही सुटलेली संधी होती, असे मी स्पष्ट म्हणते.

न्यायालयाच्या परवानगीने खासगी विक्री

८८ लाखांच्या आकड्याने दोघांनाही भानावर आणले. पहिल्यांदाच दोघांचे वकील एकत्र बसले आणि जून २०२४ मध्ये एक संयुक्त अर्ज गेला: लिलाव बाजूला ठेवून दोघांनी मिळून नेमलेल्या एजंटमार्फत बाजारात विकू द्या, १ कोटी ५ लाखांच्या खाली नाही, पैसे थेट न्यायालयात जमा. परवानगी मिळाली.

विक्रीच्या अटींवर एकच मोठा वाद झाला. एका खरेदीदाराने १ कोटी १५ लाख देऊ केले, पण जानेवारीत ताबा हवा. दुसरे जोडपे १ कोटी १२ लाख देणार होते आणि एप्रिलपर्यंत थांबायला तयार होते. मुलीची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये होती. पतीचे म्हणणे होते की भाड्याने घर घेऊनही परीक्षा देता येते. तीन लाखांतले दीड लाख त्यांचे जात होते. समुपदेशकांनी मुलीशी बोलायचे ठरवले. ती म्हणाली, “बाबांना सांगा, मी अभ्यासाचं टेबल हलवणार नाही. बाकी काय करायचं ते करा.” दुसऱ्या दिवशी पतीने १ कोटी १२ लाखांच्या करारावर सही केली. संपूर्ण प्रकरणात त्यांच्याबद्दल मला आदर वाटला तो या दिवशी, आणि हे त्यांना मी सांगितले आहे.

करारनामा डिसेंबर २०२४ मध्ये नोंदवला गेला. खरेदीदारांच्या बँकेने न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, जुन्या बँकेचे कर्जशिल्लकीचे पत्र आणि सोसायटीचा ना हरकत दाखला मागितला. सोसायटीने थकबाकी भरल्याशिवाय दाखला द्यायला नकार दिला. ती विक्रीच्या पैशातून थेट देण्याची हमी न्यायालयाच्या आदेशात लिहून घेतल्यावर प्रश्न सुटला.

हिशेब आणि निकाल

११२ लाखांतून कर्ज २४ लाख ५० हजार, सोसायटी १ लाख ९० हजार, दलाली १ लाख १० हजार गेले. उरले ८४ लाख ५० हजार. प्रत्येकाचे ४२ लाख २५ हजार.

मग, पैसे न्यायालयात पडून असताना, जे सहा वर्षांपूर्वी व्हायला हवे होते ते तीन बैठकांत झाले. घटस्फोटाचा अर्ज परस्पर संमतीचा करून घेतला, एकरकमी पोटगी १८ लाख ठरली, थकलेली अंतरिम पोटगी ३२ महिन्यांची, म्हणजे ४ लाख ८० हजार. दोन्ही पतीच्या वाट्यातून वळते झाले. पत्नीला मिळाले सुमारे ६५ लाख, पतीला साडेएकोणीस लाख.

कराची भीती दोघांना होती, ती फारशी खरी ठरली नाही. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीवर दीर्घकालीन नफ्याला साडेबारा टक्के कर लागतो, पण महागाई निर्देशांकाचा फायदा, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणे, मिळत नाही. मात्र त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुना मार्ग, म्हणजे निर्देशांक धरून वीस टक्के, निवडता येतो. २०११-१२ चा निर्देशांक १८४, २०२४-२५ चा ३६३; त्यामुळे ५५ लाखांची खरेदी १ कोटी साडेआठ लाखांवर गेली आणि करपात्र नफा दोन-अडीच लाखच उरला. नव्या मार्गाने दोघांचा मिळून कर सात लाखांच्या आसपास गेला असता, जुन्या मार्गाने पन्नास हजारांपर्यंत. खरेदीदारांनी कापलेला एक टक्का टीडीएस विवरणपत्रात वळता होतो, हेही दोघांना आधी माहीत नव्हते.

एप्रिलमध्ये ताबा दिला गेला. पत्नीने कळव्याजवळ खारेगावला एका बेडरूमचा फ्लॅट घेतला, थोडे कर्ज काढून, एकटीच्या नावावर. पती डोंबिवलीलाच आहेत.

काय वेगळे करता आले असते

२०१९ च्या बैठकांमध्ये घर, कर्ज, पोटगी आणि मुलीचा खर्च यांचा एकच ताळेबंद करून दोघांसमोर ठेवायला हवा होता. समुपदेशकांनी, वकिलांनी, आमच्यासारख्या केंद्रांनी, कोणीही. त्यासाठी कोणत्या कलमाची गरज नव्हती.

त्या टप्प्यावर तडजोड झाली असती तर मुद्रांक शुल्कातही फरक पडला असता. महाराष्ट्रात राहते घर पती किंवा पत्नीला मोबदल्याशिवाय बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि स्थानिक अधिभाराचा खर्च वेगळा. घटस्फोट झाल्यावर हे नातेच उरत नाही. पोटगीच्या बदल्यात हिस्सा सोडला तर त्याला मोबदला म्हणायचे का, हा प्रश्न येतो, म्हणून मसुदा अनुभवी वकिलाकडूनच करून घ्यावा आणि क्रम आधी ठरवावा.

हप्ता थांबवणे हे हत्यार म्हणून वापरू नये. ज्याने थांबवला त्याचाही स्कोअर गेला, आणि जिला घर वाचवायचे होते तिला नेमक्या वेळी कर्ज मिळाले नाही. भरणे शक्यच नसेल तर त्याच महिन्यात अंतरिम आदेशासाठी अर्ज करावा.

विक्री मागण्याआधी पतीने स्वतःला विचारायला हवे होते की समोरची व्यक्ती न्यायालयाच्या किमतीला माझा हिस्सा घेऊ शकली तर मला चालेल का. आणि पत्नीने, निवासाचा आदेश मिळाला त्याच आठवड्यात, बँकेत जाऊन एकटीच्या पगारावर किती कर्ज बसते हे विचारायला हवे होते. हा आकडा तिला पहिल्यांदा २०२३ मध्ये कळला.

आता घर घेणाऱ्या जोडप्यांना मी करारनाम्यात हिस्से लिहायला सांगते. निम्मे-निम्मे असेल तर निम्मे-निम्मे लिहा. वडिलांनी दिलेले पाच लाख कर्ज आहे की मुलीला भेट, याचेही एक पत्र करून ठेवा. लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असे बोलायला जड जाते, आणि बहुतेकजण माझ्याकडे बघून हसतात. तरी प्रत्येकाला सांगते.